सुदास किती, आणि बाबासाहेबांचा कोणता?

गेल्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासमंडळाची मुले घेऊन मी अजिंठ्याला गेलो होतो. सतराव्या लेण्यात एका भिंतीवर सुतसोम जातकाची कथा रंगवलेली आहे. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले हे लेणे. शिकारीत वाट चुकलेला एक राजा रानात झोपलेला आहे आणि एक सिंहीण त्याचे पाय चाटते आहे. या सिंहिणीपासून राजाला मुलगा होतो, तो पुढे नरभक्षक होतो आणि शेवटी बोधिसत्त्व सुतसोम त्याला माणसात आणतो. राजाचे नाव सुदास, मुलाचे सौदास.

हे ऐकताच आमच्यातला एक विद्यार्थी हरखून गेला. म्हणाला, “सर, बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात ज्याला शूद्र राजा म्हटले तो हाच सुदास. आपल्या भिक्खूंनी त्याचे चित्र काढून ठेवले आहे. यंदा जयंतीला मी हेच सांगणार.”

मी त्याला थांबवले. का थांबवले, ते समजावून सांगायला त्या अंधाऱ्या लेण्यात वेळ नव्हता. त्याला जे सांगायचे राहिले ते येथे लिहितो आहे. पण त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी जयंतीच्या सभेत आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने सुदासाचा असाच अभिमानाने उल्लेख केला होता. सभा संपता संपता मागून एक गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, “तुमचा हा शूद्र राजा वसिष्ठाच्या शापाने माणसे खात फिरत होता, हे पुराणात आहे. तेही सांगा की.” लोक हसले. वक्ता गप्प झाला. व्यासपीठावर मीही होतो आणि मलाही उत्तर आले नाही. उत्तर होते. ते बाबासाहेबांच्याच ग्रंथात होते. आम्ही ग्रंथाचा निष्कर्ष पाठ केला होता. त्या निष्कर्षापर्यंत ते ज्या वाटेने गेले, ती वाट मात्र आम्ही वाचलीच नव्हती.

१

एकाच नावाची दोन माणसे निराळी कशी काढायची, हे आपल्या लोकांना कोणी ग्रंथातून शिकवायला नको. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, त्यानंतर हाडकीच्या जमिनीचे कागद काढायला माझे वडील वर्षानुवर्षे खेटे घालत होते. जुन्या कागदात माझ्या आजोबांचे नाव होते, पण त्याच नावाचे तिघे होते. तिघांच्या पुढे फक्त जात लिहिलेली. बापाचे नाव नाही, आडनाव तर नाहीच. पाटील-कुलकर्ण्यांच्या सात पिढ्या ज्या दप्तरात सरळ उतरलेल्या, त्याच दप्तरात आमचा माणूस म्हणजे एक हाक मारण्याचे नाव आणि पुढे ‘महार’. तिघांतले आमचे आजोबा कोणते, हे ठरवायला वडिलांनी काय केले? बाप कोण, भाऊबंद कोण, शिवार कोणते आणि भांडण कोणाशी होते, हे चार प्रश्न त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले.

इतिहासातही याहून वेगळे काही करावयाचे नसते. नाव सारखे म्हणजे माणूस एकच, असे मानणे हा आळस आहे. बाप, कूळ, ठिकाण, पुरोहित, शत्रू हे जुळले तरच माणूस जुळला. बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि महात्मा जोतीराव फुल्यांना अर्पण केलेल्या त्या ग्रंथात नेमके हेच केले आहे.

२

आता सुदास एकेक करून पाहू.

पहिला ऋग्वेदातला. हा भरतांचा, त्यांतही तृत्सूंचा राजा. परुष्णी म्हणजे आजच्या रावी नदीवर दहा राजांच्या जुटीविरुद्ध झालेली जी लढाई ‘दाशराज्ञ’ म्हणून ओळखली जाते, ती याने जिंकली. सातव्या मंडलात वसिष्ठ त्याचा पुरोहित आहे. तिसऱ्या मंडलात त्याच्याच बाजूने विश्वामित्र दिसतो. सातव्या मंडलातल्या अठराव्या सूक्ताच्या शेवटी या राजाच्या दानाची स्तुती आहे आणि तेथे त्याला ‘पैजवन’ म्हटले आहे. यास्काने निरुक्तात या शब्दाचा अर्थ सरळ दिला आहे : पिजवनाचा पुत्र तो पैजवन. त्याच सूक्तात दिवोदास हाही त्याचा पिता म्हणून येतो, म्हणून पिजवन आणि दिवोदास एकच की पिजवन हा मागचा पूर्वज, असा प्रश्न अभ्यासकांपुढे राहतो. पण ‘पैजवन’ ही खूण पक्की आहे. ऐतरेय ब्राह्मणात वसिष्ठाने ज्याला ऐंद्र महाभिषेक केला, तोही सुदास पैजवनच. आणि मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात उद्धटपणामुळे नाश पावलेल्या राजांची जी यादी आहे, तीत वेन आणि नहुष यांच्या पंक्तीला हाच सुदास पैजवन बसवलेला आहे. वेदात ज्याच्या दानाचे गोडवे गायले, त्याला स्मृतीने अविनयी ठरवले, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरा सुदास अयोध्येचा, इक्ष्वाकू कुळातला. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशातली वंशावळ अशी : ऋतुपर्ण, त्याचा सर्वकाम, त्याचा सुदास, त्याचा सौदास मित्रसह. हा मित्रसह म्हणजेच कल्माषपाद. राक्षसाने आचाऱ्याचे रूप घेऊन वसिष्ठापुढे नरमांस वाढले, वसिष्ठाने राजाला शाप दिला, राजाने उलट शापासाठी हातात पाणी घेतले, राणी मदयंतीने अडवले आणि ते पाणी त्याने स्वतःच्या पायांवर टाकले. पाय डागाळले म्हणून कल्माषपाद. नरभक्षक आहे तो हा. त्याच्या बापाचे नाव सुदास, पण त्या बापाचा बाप सर्वकाम आहे, पिजवन नव्हे. राज्य अयोध्येचे आहे, परुष्णीकाठचे नव्हे. अजिंठ्याच्या भिंतीवरची कथा याच सौदासाच्या परंपरेतली. बौद्धांनी ती आपल्या पद्धतीने सांगितली आणि नरभक्षकाला शापाने नव्हे तर उपदेशाने सोडवले, हा फरक मोठा आहे. पण म्हणून तो राजा ऋग्वेदातला होत नाही.

तिसरा सुदास पौरव वंशावळीत, उत्तर पांचालांत येतो. दिवोदास, मित्रायू, च्यवन, सुदास, आणि पुढे सहदेव, सोमक करीत ही रांग द्रौपदीचा बाप द्रुपद याच्यापर्यंत जाते.

बाबासाहेबांनी या वंशावळी शेजारी शेजारी मांडल्या आणि ऋग्वेदातला सुदास हा विष्णुपुराणातल्या दोन्ही सुदासांहून निराळा, असा निर्णय दिला. तिसऱ्या सुदासाबद्दल मतभेद आहे, तोही आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा. पार्जिटर यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात पांचालांचा सुदास आणि ऋग्वेदातला सुदास एकच मानले. च्यवन आणि पिजवन ही एकाच राजाची नावे, असे त्यांचे म्हणणे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात सहदेवाचा पुत्र सोमक येतो, ही गोष्ट त्यांच्या बाजूने जाते. पुराणकारांनी पिढ्यांची उतरंड वाटेल तशी रचली, हे ज्याला मान्य आहे त्याला बाबासाहेबांचा सावधपणा पटेल. नावांची साखळी ज्याला महत्त्वाची वाटते त्याला पार्जिटर पटतील. पण एक गोष्ट या दोघांच्याही मांडणीत उभी राहते : ऋग्वेदातला विजयी सुदास आणि नरभक्षकाचा बाप असलेला अयोध्येचा सुदास ही माणसे एक नव्हेत.

त्या सभेतल्या गृहस्थांना द्यायचे उत्तर हे होते. दोन वाक्यांचे.

३

पण मग हा गोंधळ झालाच कसा? केवळ नावाच्या सारखेपणाने एवढी गाठ बसत नाही. या गाठीत वसिष्ठ आणि विश्वामित्र आहेत.

ऋग्वेदातल्या सुदासाशी दोघांचाही संबंध आहे. कल्माषपादाच्या कथेतही दोघे आहेत. महाभारताच्या आदिपर्वात तर अरुंद वाटेवर राजा आणि वसिष्ठपुत्र शक्ती समोरासमोर येतात, वाट कोणी द्यायची यावरून तंटा होतो, राजा चाबूक मारतो, शक्ती शाप देतो, विश्वामित्र राजाच्या अंगात राक्षस घालतो आणि राजा आधी शक्तीला, मग वसिष्ठाच्या बाकीच्या मुलांना खातो. याच्या कितीतरी आधी, तैत्तिरीय संहितेत, मुले मारली गेलेला वसिष्ठ सौदासांवर मात करू पाहतो. सायणाचार्यांनी दिलेल्या जुन्या परंपरेत शक्तीला सौदासांनी अग्नीत टाकले, असे आहे. येथे ‘सौदास’ म्हणजे वेदातल्या सुदासाचे वंशज. पुढे पुराणात ‘सौदास’ हे अयोध्येच्या एका राजाचे नाव होते, आणि वसिष्ठाच्या मुलांचे मरण त्याच्या अंगावर येते.

मला यातून असे दिसते की, एका राजकुळाचे आणि एका पुरोहितकुळाचे जुने वैर लोकांच्या आठवणीत होते, आणि सांगणाऱ्यांनी ते नावसाधर्म्याच्या वाटेने दुसऱ्याच राजाच्या पदरात घातले. जाताना त्याचे रूपही पालटले. लढणारे शत्रू होते, त्यांचा राक्षस झाला. हा माझा तर्क आहे, त्याला मी सिद्धांत म्हणणार नाही. पण कथा सांगण्याचे काम ज्यांच्या हातात होते ते वैराच्या एका बाजूचे होते, एवढे तर उघड आहे. आमच्या आजोबांच्या नावापुढे बापाचे नाव न लिहिणारा आणि सुदासाच्या पोराला नरभक्षक करणारा, दोघांच्याही हातात लेखणी होती आणि समोरच्याच्या हातात नव्हती.

४

आता मुख्य प्रश्न. सुदास शूद्र होता, हे कशावरून?

ऋग्वेदात तसे कोठेही म्हटलेले नाही. बाबासाहेबांचा आधार महाभारतातला आहे. शांतिपर्वाच्या ६० व्या अध्यायात भीष्म वर्णांची कर्तव्ये सांगतो आणि ओघात म्हणतो की, पैजवन नावाच्या एका शूद्राने ऐंद्राग्न विधीने यज्ञ करून एक लक्ष पूर्णपात्रे दक्षिणा दिली, असे ऐकिवात आहे. हा पैजवन कोण? येथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो : सारखे नाव, माणूस एक की दोन?

बाबासाहेबांनी घाई केली नाही. त्या वेळी शांतिपर्वाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध व्हायची होती, म्हणून त्यांनी हस्तलिखितांतले पाठभेद मिळवून तपासले. ‘पैजवन’ आणि ‘शूद्र’ हे दोन शब्द मुळात आहेत की कोणी मागून घुसडले, हे आधी पाहिले. मग पैजवन या नावाकडे वळले. सुदास हे नाव पुष्कळांचे असेल, पण पैजवन ही बापाच्या नावावरून आलेली ओळख आहे आणि ती ऋग्वेदातल्या सुदासालाच चिकटलेली आहे. यज्ञ आणि दान या दोन्ही गोष्टींसाठी तोच प्रसिद्ध आहे. यावरून शांतिपर्वातला शूद्र पैजवन म्हणजे ऋग्वेदातला सुदास, आणि शूद्र हे मुळात क्षत्रियांतलेच एक कूळ, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षावर आक्षेप आहेत. वेदातला राजा आणि महाभारताचा उपदेशपर भाग यांत अनेक शतकांचे अंतर आहे. भीष्माचा सगळा रोख, शूद्राने मंत्राविना यज्ञ करावा, असे सांगण्याचा आहे, तेव्हा उदाहरण त्या सोयीने वापरलेले असू शकते. रामशरण शर्मा यांनी १९५८ च्या आपल्या शूद्रांवरील ग्रंथात बाबासाहेबांची उपपत्ती स्वीकारली नाही. हे आक्षेप लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. उलट ते वाचूनच बाबासाहेबांच्या मांडणीचे बळ कळते. वेदातल्या विजयी राजाला नंतरच्या परंपरेने अविनयी का ठरवावे आणि त्याच्याच पितृनामाचा माणूस शूद्र म्हणून का आठवावा, या दोन्हींचे एकत्र उत्तर त्यांनी शोधले. आक्षेप घेणाऱ्यालाही या प्रश्नाला सामोरे जावेच लागते. संस्कृत येत नाही हा आक्षेप तर त्यांनी प्रस्तावनेतच अंगावर घेतला आणि पंधरा वर्षे भाषांतरांतून केलेल्या अभ्यासाचा दाखला देऊन टाकला. ज्यांना ती भाषा शिकण्याचीच बंदी होती, त्यांच्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारला जातो, यातली क्रूरता त्यांनी फार बोलून दाखवली नाही. पाठभेद तपासून दाखवले.

याच ग्रंथात भरतांचीही अशीच उकल आहे. शाळेत आपल्याला शिकवतात की दुष्यंत-शकुंतलेचा मुलगा भरत, त्याच्यावरून भारत. बाबासाहेब दाखवून देतात की ऋग्वेदातले भरत वेगळे आणि दौष्यंती भरत वेगळे. सुदास पहिल्यांतला. देशाचे नावही पहिल्यांवरून आले, असे त्यांचे मत. भागवतात आणि जैन परंपरेत आणखी एक भरत आहे, ऋषभाचा मुलगा. यातले कोणते मत खरे, यावर वाद चालू राहील. पण संविधानाच्या पहिल्याच कलमात जे नाव येते, ते नाव कोणाचे, हा प्रश्न विचारणारा माणूस कोण होता हे आपल्या मुलांना माहीत असावे.

५

येथवर राजांची नावे झाली. पण सगळ्यांत मोठा नावसाधर्म्याचा घोटाळा राजांचा नाही. तो ‘शूद्र’ या शब्दाचाच आहे, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचे खरे मर्म मला तेथे दिसते.

ते म्हणतात, मूळचे शूद्र ही एक विशिष्ट जमात होती. पुरोहितवर्गाशी झालेल्या वैरातून तिचे उपनयन बंद झाले, ती खाली ढकलली गेली, आणि तिच्यासाठी कडक कायदे झाले. पुढे त्या नावाचा मूळ अर्थ पुसला गेला. ‘शूद्र’ हे एका जमातीचे नाव न राहता खालच्या म्हणून गणल्या गेलेल्या सगळ्यांचे सामान्य नाव झाले. आणि नाव पसरले तसा कायदाही पसरला. ज्यांचा त्या जुन्या वैराशी काडीचा संबंध नव्हता, त्या असंख्य जातींवर, केवळ नाव तेच म्हणून, तेच निर्बंध लादले गेले.

म्हणजे शिक्षा एकाची आणि भोगणारा त्याच्या नावाचा दुसराच. आपल्या गावात एकाच्या नावाचे समन्स दुसऱ्याला बजावले तर आपण कचेरीत जाऊन भांडतो. येथे कोट्यवधी लोकांना पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याचे समन्स बजावले गेले. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी आणि १८९९ साली सुरू झालेल्या कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात शाहू महाराजांपुढे आडवा आला तो हाच शब्द. राज्य कमावलेल्या आणि राज्य चालवणाऱ्या माणसांनाही त्या नावाची सावली चुकली नाही.

आणि आपण? आपल्या सभांतून ‘आपण शूद्र’ असे सरसकट बोलले जाते. जोतीरावांनी ‘शूद्रातिशूद्र’ असा जोडशब्द वापरला तो दोघांना एकत्र आणण्यासाठी. पण एकत्र आणणे म्हणजे एकच मानणे नव्हे. बाबासाहेबांनी शूद्रांवर एक ग्रंथ लिहिला आणि अस्पृश्य मूळचे कोण यावर १९४८ साली दुसरा लिहिला. दोन प्रश्न, दोन उत्तरे. शूद्र चातुर्वर्ण्याच्या आतले, अस्पृश्य बाहेरचे. दुसऱ्या ग्रंथात पराभूत जमातींतून फुटून गावकुसाबाहेर राहिलेल्या आणि बौद्ध धर्म न सोडलेल्या लोकांची उपपत्ती आहे. सुदासाचा वंश तेथे नाही. तेव्हा सुदास ‘आपला राजा’ म्हणून मिरवण्याची गरजच नाही. तो आपल्या कुळातला होता म्हणून बाबासाहेबांनी त्याला शोधले नाही. धर्मशास्त्राने जे देवाने ठरवले म्हणून सांगितले, ते माणसांनी एका भांडणात ठरवले होते, हे दाखवण्यासाठी शोधले. जे माणसांनी केले ते माणसांना मोडता येते.

आपल्या चळवळीत एक सवय वाढते आहे, तिची मला काळजी वाटते. एखादे चांगले नाव दिसले की ते आपले, आणि एखादी वाईट गोष्ट दिसली की ती शत्रूने रचलेली. बाप विचारायचा नाही, ठिकाण विचारायचे नाही. आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्यांनी हेच केले. त्यांचा आळस आपण उचलला तर सभेत मागून कोणीतरी उठेल आणि आपला वक्ता पुन्हा गप्प बसेल. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी प्रत्येक नावाला चार प्रश्न विचारावेत : बाप कोण, कूळ कोणते, ठिकाण कोणते, भांडण कोणाशी. उत्तर नाही आले तर तसे सांगावे. त्याने इतिहास लहान होत नाही.

अजिंठ्याहून परतताना गाडीत त्या विद्यार्थ्याने वहीत तीन रकाने आखले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर ‘सुदास’ आणि खाली बापाचे नाव. पहिल्या रकान्यात पिजवनापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढून ‘दिवोदास?’ असे लिहिले होते. ते प्रश्नचिन्ह पाहून मला बरे वाटले. मग त्याने वही उलटली आणि मागच्या पानावर स्वतःच्या वंशावळीला सुरुवात केली. स्वतःचे नाव, बापाचे, आजाचे, पणज्याचे. त्यापुढे त्याला नाव आठवेना. म्हणाला, “घरी गेल्यावर आजीला विचारतो.” मी म्हटले, लवकर विचार.